आण्णांच्या दोन बरण्या

आमच्या गावातल्या बहुतेक माणसांची नावं दोन बरण्यांत भरून ठेवलेली आहेत. एका बरणीला लाल झाकण आहे, दुसरीला पत्र्याचं. लाल झाकणाखाली जिवंत माणसं, पत्र्याच्या झाकणाखाली मेलेली. दोन्ही बरण्या आधी लोणच्याच्या होत्या, त्यामुळे जिवंत काय आणि मेलेले काय, सगळ्यांनाच कैरीचा वास येतो. माझं नाव लाल झाकणाच्या बरणीत आहे. अधूनमधून जाऊन मी खात्री करून घेते. हसू नका, गावात सगळेच करतात, फक्त कबूल कुणी करत नाही.

मी इथली पोस्टमास्तरीण. तेलगावहून रोज सकाळी थैली येते, दुपारच्या गाडीनं परत जाते. पोस्ट म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची खोली. एक खिडकी, एक वजनकाटा, एक शिक्का. माझ्या आधी हे काम माझे वडील करायचे. त्यांच्या थैलीतून पत्रं निघायची, माझ्या थैलीतून पाकिटं निघतात. गुळगुळीत कागद, पुढं पारदर्शक चौकोन, चौकोनात छापील नाव, आणि आत 'अभिनंदन, क्रेडिट कार्डासाठी आपली निवड झाली आहे.' गावातलं पोरगं पुण्याला नोकरीला लागतं आणि कायमचा पत्ता म्हणून इथला देतं. कुणी हप्त्यानं मोबाइल घेतं, कुणी मोटारसायकलच्या दुकानात नुसता भाव विचारायला जातं आणि तिथल्या वहीत नाव लिहून येतं. तेवढं पुरतं. त्यानंतर ते नाव आपलं आपण हिंडायला लागतं आणि एक दिवस पाकिटात बसून गावात परत येतं.

लोक ती पाकिटं न फोडता उकिरड्यावर टाकतात. आणि आण्णा ती उकिरड्यावरून उचलतात.

आण्णा म्हणजे सत्तरीच्या पुढचा उंच, वाळका माणूस. डोक्याला मळकं पागोटं, खांद्यावर घोंगडी, मागं एक शेळी आणि हातात मेंढरं कातरायची कात्री. ही कात्री म्हणजे काय चीज आहे हे ज्यानं पाहिलं नसेल त्याला सांगून कळायचं नाही. चांगली हातभर लांब. त्या अवाढव्य कात्रीनं आण्णा पाकिटावरचं नाव असं कातरतात की कडेचं एक अक्षर दुखावत नाही. कातरलेली पट्टी फुंकर मारून साफ करतात, डोळ्यांजवळ नेऊन वाचतात आणि बंडीच्या खिशात टाकतात. एका माणसाचं एकच नाव बरणीत ठेवायचं, वरची येतील ती चुलीत. उरलेलं पाकीट शेळीला. आमच्या गावातल्या त्या एका शेळीनं जेवढ्या सवलती खाल्ल्या असतील तेवढ्या पुण्या-मुंबईच्या कुणी उपभोगल्या नसतील.

त्यांची माझी खरी ओळख झाली तीसुद्धा उकिरड्यावरूनच. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या नावानं एक पाकीट आलं. मी चिडून त्याचा बोळा केला आणि फेकून दिला. तासाभरानं खिडकीत सावली पडली.

"माय, तुझा बाप उकिरड्यावर पडलाय," आण्णा म्हणाले.

माझ्या हातातला शिक्का खाली पडला. त्यांनी तळहात उघडला. त्यावर वडिलांच्या नावाची पट्टी होती, सुरकुत्या हातानं दाबून दाबून सरळ केलेली.

"कागद टाक, पण नाव टाकू नको. कुणाच्याबी हाती लागलं तर काय करील त्याचं, सांगता येतंय का?"

शहरातले जाणकारही हेच सांगतात, की अशी पाकिटं फाडून टाका, नाहीतर तुमच्या नावावर दुसराच कुणी कार्ड काढायचा. आण्णांचं म्हणणं ऐकायला तसंच होतं. पण त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती कार्डाची नव्हती. मी आत जाऊन पाणी प्यायले.

कुणाचा निरोप घेताना आपण राम राम म्हणतो. आण्णा म्हणतात, "नाव सांभाळा." भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, ती कात्री हातात धरून एखादा माणूस मागून असं म्हणाला की पाठीतून शिरशिरी जाते. नव्यानं सासरी आलेल्या मुली तर आण्णा दिसले की पदर ओढून बोळात शिरतात.

गंमत म्हणजे नावाची एवढी राखण करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीसएक वर्षांपूर्वी ते कुठूनतरी आले, तापानं फणफणलेले. गावानं ठेवून घेतलं. गावची शेरडं राखायला लागले ते इथलेच झाले. कुणी नाव विचारलं तर म्हणायचे, "आण्णा म्हना." आधार कार्डवाले आले तेव्हा सरपंचांनीच कंटाळून 'आण्णा मेंढके' असं लिहून दिलं. मेंढके हे काही आडनाव नव्हे, तो धंदा झाला. पण सरकारला चाललं, मग गावाला न चालायला काय झालं.

मोबाइल ते बाळगत नाहीत. एकदा चहाच्या हॉटेलात मालकाचा फोन वाजला, मालकाचे हात भज्यांच्या पिठात, म्हणून आण्णांनी उचलला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, आपलं नाव कळेल का? आण्णा म्हणाले, "आधी तुजं सांग. गाव कंचं? कुणाची तू? घरी कोन कोन हाय?" मुलगी नेटाची असावी. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाची तब्येत बरी नसते हेही सांगितलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकी, असं कुनालाबी नाव सांगत जाऊ नको. नाव सांभाळ." आणि फोन ठेवला. तिनं तो दिवस कसा काढला असेल कोण जाणे.

मी एकदा ठरवलं की ही पाकिटं कायमची बंद करायची. निमित्त गंगाधरकाकांचं. काका जाऊन तीन वर्षं झालेली आणि त्यांना पाकीट आलं, कार्ड आयुष्यभर मोफत. काकू ते घेऊन माझ्याकडं आल्या. रडावं की काय करावं ते त्यांना कळेना. मी कंपनीला रीतसर लिहिलं, की सदर इसम मयत आहे, पत्रं पाठवू नयेत. महिनाभरानं उत्तर आलं. 'आदरणीय गंगाधरजी, आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार.' सोबत नवी सवलत.

मी ते आण्णांना वाचून दाखवलं. ते खिडकीला टेकले.

"म्हंजी त्यांच्याकडं मानूस मरतच न्हाई," ते म्हणाले.

"त्यांच्या यादीत नाव राहतं आण्णा. माणसाशी त्यांना घेणं नाही."

"तेच म्हनतोय मी. इकडं मेला तरी तिकडं हायेच."

एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी ते "नाव सांभाळा" म्हणायचे विसरले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बरण्यांचं म्हणाल तर गावात कुणी गेलं की दहाव्याच्या दिवशी आण्णा त्याचं नाव लाल बरणीतून काढून दुसरीत टाकतात. कुणी सांगितलेलं नाही, पण दहाव्याला नदीवर कावळा शिवला की कुणीतरी हळूच विचारतंच, "आण्णांनी नाव हलवलं का?" यात एकदा घोळ झाला. आण्णांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढलेला होता. शाळेतले दिनकर गुरुजी, विज्ञान शिकवणारे, त्यांची पट्टी चुकून पत्र्याच्या झाकणाखाली गेली. तीन दिवसांनी आण्णांना चूक कळली आणि त्यांनी ती परत लाल बरणीत टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजी मोटारसायकलवरून पडले. पाय मोडला. गाव म्हणालं, आण्णांनी वेळेवर काढलं म्हणून पायावर भागलं.

गुरुजींनी या अंधश्रद्धेवर शाळेत भाषण दिलं. प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी मी आण्णांकडं गेले होते, तर गुरुजी काठी टेकत, रस्त्यावर इकडंतिकडं बघत आले.

"सहज आलो होतो," गुरुजी म्हणाले. "तेवढं एकदा बघून घ्याल का, नीट आत आहे ना?"

आण्णांनी लाल झाकण उघडलं, पट्टी शोधून दाखवली. गुरुजींनी ती स्वतःच्या हातानं तळाशी सरकवली आणि वर इतरांची नावं ओढली.

आता यंदाची गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता. अमावास्येला सहा दिवस राहिले असताना थैलीत एक पाकीट आलं. नेहमीचंच, क्रेडिट कार्डाचं. चौकोनात नाव होतं, सटवा मालू देवकते. खाली आमच्या गावाचा पत्ता.

या गावातली सगळी नावं मला पाठ आहेत. देवकते इथं एकही नाही. मी गिरणीत विचारलं, शाळेत विचारलं, सरपंचबाईंना विचारलं. कुणालाच माहीत नाही. काकू हळूच म्हणाल्या, "पत्र्याच्या बरणीतलं कुणी जुनं असेल, नको त्या दिवसांत आलंय." पत्ता नीट असेल आणि माणूस सापडत नसेल तर पाकीट सात दिवस ठेवायचं आणि मग शेरा मारून परत पाठवायचं, अशी आमची पद्धत. मी ते खिडकीजवळ उभं करून ठेवलं.

दुपारी आण्णा आले. शेळी होती, कात्री नव्हती. कात्रीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"आण्णा, गावात देवकते म्हणून कुणी होतं का पूर्वी?"

त्यांनी पाकिटाकडं पाहिलं. हात लावला नाही.

"वाच बरं," ते म्हणाले.

"सटवा मालू देवकते."

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. आण्णांनी मान हलवली. "न्हाई. ह्या नावाचा कुनी न्हाई." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आले. "त्ये गेलं का माघारी?"

"सात दिवस थांबावं लागतं आण्णा."

"मग वाच बरं."

मी वाचलं. ते ऐकून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. ते खिडकीबाहेर उभे राहायचे, दोन्ही हात घोंगडीखाली, मान थोडी वाकडी करून. मी नाव वाचायची. शेळीसुद्धा त्या वेळी गप्प असायची. मी वाचलं की ते वळून चालू लागायचे. खरं सांगते, मला त्या पाकिटाची भीती वाटायला लागली. संध्याकाळी पोस्ट बंद करताना मी ते पालथं घालून ठेवायला लागले. दाराला कडी घालताना उगाचच वाटायचं, आत कुणीतरी बसलेलं आहे.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "माघारी धाडताना वर काय लिवतीस?"

"या नावाचा इसम या गावात राहत नाही."

"आस्सं," आण्णा म्हणाले. "बरोबर हाय मग."

अमावास्येच्या सकाळी मी तो शेरा पाकिटावर लिहूनच टाकला. अजून एक दिवस बाकी होता, पण मला ते घरात नको झालं होतं. दुपारच्या गाडीनं जाऊ दे एकदाचं, म्हणून पिशवीत टाकलं आणि आधी आण्णांकडं गेले. दर सर्वपित्रीला मी जाते. त्याचं कारण असं की पत्र्याच्या बरणीतल्या सगळ्यांना आण्णा त्या दिवशी जेवू घालतात. ज्यांच्या घरी कुणी घालणारं आहे त्यांनाही आणि ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांनाही. वडिलांचं पान आम्ही घरी काढतोच, पण आण्णांच्या हातचा घास माझ्या डोळ्यांदेखत उचलला गेला की मला बरं वाटतं.

त्यांची पत्र्याची खोली गावाबाहेर, जुन्या पाण्याच्या टाकीखाली आहे. टाकी कोरडी, पण खाली उभं राहिलं की पाणी हलल्यासारखा आवाज येतो. बारा वाजले होते. ऊन असं की सावल्या पायाखाली गेलेल्या. खोलीमागच्या बुटक्या भिंतीवर आण्णांनी पळसाची पानं मांडली होती आणि जवळ भात, आमटी, उडदाचे वडे. टाकीच्या कठड्यावर कावळे बसले होते. पुष्कळ होते आणि एकही ओरडत नव्हता.

आण्णा बरणीतून एकेक पट्टी काढायचे, नाव मोठ्यानं वाचायचे, घास ठेवायचे आणि दोन पावलं मागं व्हायचे. एक कावळा खाली यायचा, घास उचलायचा, उडून जायचा. मग दुसरं नाव. एका नावाला एकच कावळा. गंगाधरकाका जेवले. माझे वडील जेवले. या माणसाला वडिलांनीच अक्षरं शिकवली होती, खिडकीबाहेर बसवून, पत्रांवरची नावं दाखवून. त्या आठवणीनं माझे डोळे भरून आले.

एरवी मी एवढं झालं की निघते. यंदा थांबले. बरणी रिकामी झाल्यावर आण्णांनी आणखी एक घास केला आणि भिंतीच्या टोकाला, इतरांपासून लांब ठेवला. पट्टी नाही, नाव घेतलं नाही. कठड्यावर एक कावळा उरला होता. तो खाली आला, घासाजवळ उभा राहिला, मान तिरकी करून बघितलं आणि न शिवता उडून गेला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"दरसाल ठेवतो. दरसाल अस्संच करत्यात. सांजच्याला शेळी खाती."

"पण आहे कुणाचा?"

आण्णा भिंतीला टेकून खाली बसले. शेळी त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

"मी पाटोद्याच्या वरल्या अंगाचा," ते म्हणाले. "जवान होतो. मेंढरं घेऊन गेलतो. शिंदफणेला पूर आला, मेंढरं गेली, मीबी गेलो. कुठं लागलो, कसा चालत हितं आलो, मला उमगलं न्हाई. तुमच्या लोकांनी वाचवलं. हिंडाय-फिराय येऊस्तोवर दोन सालं गेली. मंग घरी गेलतो. नेमका आजचाच दिवस."

वर टाकीत काहीतरी हललं.

"आमच्या घरामागं बाबळ हाय. तिच्याआड उबा ऱ्हायलो, म्हनलं एकदम जाऊन आईला हसवावं. तर आई भिताडावर घास ठेवत होती. अन् तिनं हाक मारली, मपल्या नावानं. मी व्हय म्हननार, तवर कावळा आला. मी हितं उबा हाय, माय, अन् कावळ्यानं मपला घास उचलला."

त्या उन्हात माझे हात गार पडले.

"मग पुढं का नाही झालात?"

"दारात बायको बसलीती. कपाळाला कुंकू, मांडीवर लेकरू. धाकल्या भावासंग तिचा पाट लावलता. भाऊ चांगला हाय मपला. लेकरू त्याच्यावानी दिसत होतं." आण्णा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होते. "आता मी हाक दिली असती तर चौघांचं काय झालं असतं? तिचं, त्याचं, लेकराचं, आईचं. कावून कुनाचं मोडायचं? तसाच माघारी फिरलो. पन नाव तिकडंच ऱ्हायलं. जेवलेलं नाव हाय ते. जेवलेलं नाव घेऊन कुठं हिंडायचं? मंग ठरवलं, दुसऱ्याचं तरी कुनाचं असं मोकाट जाऊ द्यायचं न्हाई."

मी पिशवीत हात घातला. पाकीट हाताला लागलं.

"सटवा मालू देवकते," मी म्हणाले. या वेळी मी वाचलं नाही, त्यांच्याकडं बघून म्हणाले.

आण्णांनी डोळे मिटून घेतले.

मग थोडंथोडं करून त्यांनी सांगितलं. श्रावणात त्यांना उकिरड्यावर सापडलेल्या एका पाकिटात एक कागद होता, 'आपल्या मित्राचं नाव सुचवा, टपालखर्च आमचा.' आण्णांनी चार दिवस खपून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्याच पेटीत टाकलं. मी शिक्का मारून पाठवलंही असेल, कळलंसुद्धा नाही.

"तूच वाचून दाखवलंस ना, त्यांच्याकडं मानूस मरत न्हाई," आण्णा म्हणाले. "म्हनलं, बगावं इचारून. आई काय आता नसंल. तिकडं मपलं पान कुनी काढतंय का न्हाई, ठावं न्हाई. हितं कावळा शिवत न्हाई. मी हाय का गेलोय, कुनाला तरी इचारावंच ना."

"मग पाकीट आलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"भ्या वाटलं. अन् तू वाचत होतीस की रोज."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. वर माझ्या अक्षरातला शेरा होता. त्यांनी एकेक अक्षर लावून तो वाचला. या नावाचा इसम या गावात राहत नाही. मला भिंतीत शिरावंसं वाटलं. मी पाकीट त्यांच्या हातातून ओढून घेतलं, शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. चुकीचा शेरा असाच रद्द करतात. मग फोडलं आणि वाचायला लागले.

"प्रिय सटवा, अभिनंदन. आपली निवड झाली आहे."

"कशापायी?"

"काही नाही आण्णा. नुसती निवड."

"व्हय का," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले.

आत जाऊन त्यांनी कात्री आणि लाल झाकणाची बरणी आणली. पाकिटावरचं नाव कातरलं. या वेळी शेवटच्या अक्षराची मात्रा थोडी कापली गेली. पट्टी बोटांत धरून ते दोन्ही बरण्यांच्या मध्ये बसून राहिले.

"कंच्यात टाकू?"

"लालमध्ये."

"पत्र तर मेलेल्यालाबी येतंय, माय. गंगाधरला येतंय, तुज्या बापाला येतंय. पत्र आलं म्हंजी जित्ता, असं कुठाय?"

खरंच होतं. मी पोस्टातली बाई, मला हे कुणी सांगायला नको. मी म्हणाले, "पत्र सगळ्यांना येतं आण्णा. पण माझे वडील कधी खिडकीशी येऊन, वाच बरं, असं म्हणाले नाहीत. गंगाधरकाकाही नाहीत. तुम्ही रोज आलात."

आण्णांनी लाल झाकण फिरवून काढलं, पट्टी आत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. एकदा उघडून बघितलं आणि परत लावलं.

भिंतीच्या टोकावरचा घास तसाच होता. आण्णा उठले, तिथवर गेले, तो पानासकट उचलला आणि आशेनं पुढं झालेल्या शेळीला कोपरानं मागं सारून स्वतःच्या तोंडात घातला. पितरांचा घास जिवंत माणसानं खाऊ नये म्हणतात, पण तो पितरांचा होता असं आता म्हणता येणार नव्हतं. ते उभ्या उभ्या सावकाश चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"माय," ते म्हणाले, "मीठ लई कमी पडलंय गं."

नैवेद्याचं कुणी आधी चाखत नाही. चाळीस वर्षांत त्यांचा हा स्वयंपाक कुणी चाखलेलाच नव्हता.

"दरसाल अस्संच अळणी घालत आलो का काय मी सगळ्यांना," आण्णा म्हणाले आणि रिकाम्या कठड्याकडं ओशाळून बघायला लागले.

मी घरी मीठ आणायला गेले.